वायफाय लागलंय पण नेट नाही? विंडोज मारायची घाई करू नका

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या हिशेबाची कामं करतात. स्वतःचा लॅपटॉप, विंडोज ११. गेल्या आठवड्यात दोन दिवस अंबडच्या एका कारखान्यात तो घेऊन गेल्या. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने ‘काहीतरी सेटिंग’ करून त्यांचा प्रिंटर आणि टॅलीचा सर्व्हर जोडून दिला. घरी आल्यापासून वायफाय लागतं, रेंज पूर्ण दिसते, पण नावाखाली ‘नो इंटरनेट’ येतं. घरच्या सगळ्या फोनवर मात्र नेट चालू. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. केबलवाला म्हणतो लाइन ठीक आहे, दुकानदार म्हणतो विंडोज मारावी लागेल, म्हणजे पुसून नव्याने टाकावी लागेल. आणि जीएसटीच्या रिटर्नची २० तारीख तोंडावर.

ताई, विंडोज मारू नका. मारली तर नेट बहुधा सुरू होईल, दुकानदार खोटं बोलत नाही. सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, त्यात बिघडलेलीही जाते. पण मग टॅली परत टाका, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर परत शोधा, प्रिंटर परत जोडा, आणि तुमच्या क्लायंटच्या फायली कुणी नीट कॉपी केल्या होत्या का, हे देवाला विचारा. एका चुकलेल्या आकड्यासाठी एवढं? मी एकवीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतोय, आधी सीबीएसजवळच्या एका दुकानात आणि आता घरोघरी जाऊन. ‘वायफाय आहे पण नेट नाही’ या तक्रारीवर विंडोज नव्याने टाकायची खरी गरज मला फार म्हणजे फार कमी वेळा पडली आहे.

आधी रिटर्नचं बघू, म्हणजे डोकं शांत राहील. फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची स्वस्त केबल असेल तर काहीच होणार नाही. लॅपटॉपचं वायफाय त्या वेळी बंद ठेवा. नेट आलं तर रिटर्न भरून टाका. शिवाय यातून निदानही अर्धं होतं. यूएसबीने आलेलं नेट लॅपटॉपच्या वायफाय कार्डातून जातच नाही, विंडोज त्याला वेगळं कार्ड समजते. म्हणजे यूएसबीवर नेट चाललं तर तुमची विंडोज, ब्राउझर, अँटिव्हायरस सगळं शाबूत आहे. गडबड एकतर वायफाय कार्डाच्या सेटिंगमध्ये आहे किंवा लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्ये. यूएसबीवरही नाही चाललं, तर राउटरला हात लावू नका. दोष लॅपटॉपभर पसरलेला आहे: प्रॉक्सी (नेट मधल्या एका कॉम्प्युटरमार्फत नेणारं सेटिंग), व्हीपीएन (नेट खासगी वाटेने नेणारं ॲप) किंवा अँटिव्हायरस. लोक हीच परीक्षा वायफाय हॉटस्पॉटने करतात. पण हॉटस्पॉटलाही लॅपटॉप त्याच वायफाय कार्डातून जोडला जातो, त्यामुळे दोन गोष्टींची गल्लत होते. केबलनेच करा.

आता ‘फोनवर चालतंय’ याबद्दल. मला रोज ऐकू येणारं हे वाक्य आहे आणि बऱ्याचदा ते चुकीचं निघतं. आजचे फोन हुशार आहेत. वायफायवर नेट नाही असं दिसलं की ते गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि आपण समजतो घरचं वायफाय चालू आहे. म्हणून एका फोनचा मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, मग एखादी कधीच न उघडलेली साइट उघडून बघा. व्हॉट्सॲपवर जुने मेसेज दिसणं ही परीक्षा नव्हे. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मी तासभर लॅपटॉप उलटापालटा करत बसलो होतो. शेवटी कळलं की नेट अख्ख्या घराचंच बंद होतं आणि पाचही माणसं आपापल्या सिमवर सुखाने चालली होती.

डेटा बंद केल्यावर फोनवरही नेट गेलं, तर फायबरच्या डब्याकडे बघा. त्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल पेटत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तार तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे, किंवा कपाटामागे कोणीतरी ती काटकोनात दाबली आहे. काचेची तार आहे ती, विजेच्या वायरसारखी वाकवून चालत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे रस्ते खोदलेत, त्यामुळे हे आता पाहुण्यासारखं अधूनमधून येणारच. लाल दिवा असेल तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि केबलवाल्याला ‘नेट स्लो आहे’ न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. त्याला लगेच कळतं की माणूस पाठवावा लागेल.

तुमच्या बाबतीत केबलवाला लाइन ठीक म्हणतो, आणि तुम्ही अंबडहून आल्यावरच हे सुरू झालं, त्यामुळे मला वाटतं लाइन खरंच ठीक असेल. मग पुढे.

नाशिकला गोदावरीला पूर आला की धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातमीत येतंच, पण आपण विचारतो काय? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय. गुडघ्याला, कमरेला की छातीला. त्या एका खुणेवरून पंचवटीतल्या दुकानदाराला कळतं की माल हलवायचा की नाही. नेटवर्कमध्येही अशी एक खूण असते: लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा घर क्रमांक. बाकी काही बघायच्या आधी तो बघायचा.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर. काळी खिडकी उघडेल. त्यात ‘आयपीकॉन्फिग’ सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’. बरीच जंत्री येईल, घाबरू नका. वर सरकून ‘वायरलेस लॅन ॲडॉप्टर वायफाय’ हा मथळा शोधा. हाच. ‘इथरनेट’ नावाचा वेगळा मथळा असतो, तो केबलचा. त्यातले आकडे वायफायचे समजून मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत फसलो आहे. वायफायच्या मथळ्याखाली चार ओळी बघायच्या: ‘डीएचसीपी एनेबल्ड’ (पत्ता राउटरकडून आपोआप घ्यायचा का), ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (लॅपटॉपचा पत्ता), ‘डिफॉल्ट गेटवे’ (बाहेर जायचं दार, घरी म्हणजे राउटर) आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’ (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे). फोनने या पानाचा फोटो काढून ठेवा. का, ते शेवटी सांगतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला आणि राउटरने दिला नाही. कोणीच उत्तर देईना म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. अशा वेळी राउटरची वीज तीसेक सेकंद काढून ठेवा, परत लावा, दोन मिनिटं थांबा, आणि लॅपटॉपमध्ये त्या वायफायवर ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून नव्याने जोडा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तिसरा आकडा बघा, आणि तो तुमच्या फोनच्या पत्त्याशी ताडून बघा. फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात पत्ता दिसतो. फोन १९२.१६८.१ च्या घरातला आणि लॅपटॉप १९२.१६८.१० च्या, असं असेल तर चोर सापडला. शिक्का नाशिक रोडचा आणि पत्ता देवळालीचा, अशी ती गत. आणि वर ‘डीएचसीपी एनेबल्ड’पुढे ‘नो’ दिसलं, तर पुरावाही मिळाला. ‘नो’ म्हणजे पत्ता राउटरने दिलेला नाही, कोणीतरी हाताने टाइप केला आहे.

ताई, माझा अंदाज हाच आहे. कारखान्यात टॅलीचा सर्व्हर आणि प्रिंटर ठरावीक पत्त्यावर असतात, त्यामुळे तिथल्या मुलाने तुमच्या लॅपटॉपलाही एक पक्का पत्ता टाइप करून दिला. त्याच्या जागी तो चुकला असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांचं काम होतं, झालं. फक्त जाताना तो पत्ता काढायचा राहिला. आता घरी लॅपटॉप राउटरला जोडला जातो, पासवर्ड बरोबर असतो, रेंज पूर्ण दिसते, पण तो आपली सगळी पत्रं अंबडच्या गेटवेकडे पाठवतो, जो इंदिरानगरात नाही.

इथे एक फसवी शक्यता आहे. कारखान्याचं नेटवर्कही १९२.१६८.१ चंच असेल, कारण बऱ्याच राउटरांवर कंपनीकडूनच ते येतं. मग पत्ता बरोबर दिसेल आणि तुम्ही म्हणाल, याचा अंदाज चुकला. तेव्हा गेटवे आणि डीएनएसच्या ओळी बघा. फोनमध्ये गेटवे १९२.१६८.१.१ आणि लॅपटॉपमध्ये १९२.१६८.१.२५४ असेल, किंवा डीएनएसच्या जागी कारखान्याच्या सर्व्हरचा पत्ता असेल, तर आजार तोच आहे.

दुरुस्ती पाच मिनिटांची. विंडोज आणि आर, मग इंग्रजीत ‘एनसीपीए’, टिंब, ‘सीपीएल’. वायफायच्या चिन्हावर उजवं बटण, ‘प्रॉपर्टीज’, यादीतलं ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडून पुन्हा ‘प्रॉपर्टीज’. वर ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ आणि खाली डीएनएसलाही तसंच. ओके, ओके, आणि वायफाय एकदा बंद-चालू. इथे आधीपासूनच ‘ऑटोमॅटिकली’ असेल तर दुसरी जागा बघा: सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वायफाय, तुमच्या वायफायच्या नावाचे प्रॉपर्टीज, आणि तिथे ‘आयपी असाइनमेंट’ या ओळीत ‘ऑटोमॅटिक’. या दोन जागांमध्ये फरक आहे. पहिल्या जागी घातलेला पत्ता कार्डाला चिकटतो आणि तुम्ही जाल तिथे बरोबर येतो. दुसऱ्या जागी घातलेला पत्ता फक्त त्या एका वायफायपुरता असतो. तो मुलगा पहिल्या जागी गेला असणार. जुने लोक तिथेच जातात, मीही जातो.

पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं बरोबर असून नेट नाही, तर काळ्या खिडकीत तीन हाका मारा. आधी ‘पिंग’ आणि गेटवेचा पत्ता. उत्तर आलं तर राउटरपर्यंत रस्ता ठीक. मग ‘पिंग ८.८.८.८’, आकडे इंग्रजीत टाइप करायचे. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. इथून उत्तर आलं तर तुम्ही नाशिकच्या बाहेर पोचलात, नेट आहे. मग एखाद्या साइटच्या नावाने पिंग. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, तर नावाचा पत्ता सांगणारा डीएनएसच बिघडलाय. वर सांगितलेल्या जागी डीएनएस तेवढा हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, दुसरा क्लाउडफ्लेअरचा आहे. नंतर ‘आयपीकॉन्फिग’ आणि तिरकी रेघ ‘फ्लशडीएनएस’, म्हणजे लॅपटॉपने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातील.

तिन्ही हाकांना उत्तर येतं पण ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हर उत्तर देत नाही’ म्हणून रडतो? तर सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ उघडा आणि ‘यूझ अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद करा. कारखान्यांत आणि कॉलेजांत हे सर्रास घालतात. यूएसबी टेदरिंगवरही नेट चाललं नव्हतं, तर मी सगळ्यात आधी इथेच येईन. मग व्हीपीएन. काही व्हीपीएन स्वतः बंद पडले की मुद्दाम सगळं नेट अडवून धरतात. त्यानंतर अँटिव्हायरस, विशेषतः मुदत संपलेला.

एक वेगळाच प्रकारही असतो: नेट व्यवस्थित चालतंय, साइट उघडतायत, आणि विंडोज मात्र ‘नो इंटरनेट’ म्हणत बसते. यामागचं कारण मजेशीर आहे. विंडोज तुमचं नेट मोजत नाही. ती गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका सर्व्हरवरून छोटीशी मजकूर फाइल मागवते. त्यात फक्त तीन शब्द असतात, ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’, इंग्रजीत २० अक्षरं. ते जसेच्या तसे आले तर नेट आहे, नाही आले तर नाही. मधल्या फायरवॉलने किंवा जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने ती एक फाइल अडवली, की बाकी सगळं सुरळीत असून चिन्ह रुसतं. हॉटेलात किंवा स्टेशनवर फोन नंबर मागणारं पान आपोआप येतं तेही याच युक्तीने: फाइलच्या जागी भलतंच पान आलं, की विंडोज ओळखते मध्ये कोणीतरी दार अडवून उभं आहे. सांगायचा मुद्दा, त्या चिन्हावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, साइट उघडून बघा.

उलटही होतं. चिन्ह म्हणतं नेट आहे आणि एकही साइट उघडत नाही, ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बरेच महिने कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपची आतली गोल बॅटरी संपते आणि घड्याळ काही वर्षं मागे जातं. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. तारीख बरोबर केली की काम झालं.

माझी एक फजितीही सांगतो, कारण तुमच्या घरी वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर लावलेला असेल तर ती उपयोगी पडेल. सिडकोतल्या एका घरी एक लॅपटॉप असाच, वायफाय आहे नेट नाही. मी वायफाय कार्ड बदललं, पैसे घेतले, नेट सुरू झालं. दुसऱ्या दिवशी फोन आला, आता मुलीचा लॅपटॉप तसाच. तिसऱ्या दिवशी टीव्ही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी त्या जंत्रीतली ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ वाचली, जी मी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. चांगल्या यंत्रावर तिथे १९२.१६८.१.१, बिघडलेल्यावर १९२.१६८.०.१. घरात दोन जण पत्ते वाटत होते! घरातल्या मुलाने जुना राउटर माडीवर रेंज वाढवायला लावला होता, पण वायर त्याच्या पिवळ्या लॅनच्या भोकात घातली होती आणि त्याचं पत्ते वाटणं बंद केलं नव्हतं. ज्याला खरा राउटर आधी भेटला त्याला नेट, ज्याला जुना भेटला त्याला तो स्वतःलाच गेटवे म्हणून सांगायचा, आणि त्याच्यापुढे भिंत. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं, त्याला मोकळा पत्ता दिला, संपलं. कार्डाचे पैसे मी परत केले.

राउटरच्या मागे बारीक भोकात एक बटण असतं, ‘रिसेट’. टाचणीने ते दाबा असं सांगणारे सल्लागार प्रत्येक सोसायटीत असतात. दाबू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि मग खरंच नेट नसतं, तेही अख्ख्या घराला, तो येईपर्यंत. शनिवारी संध्याकाळी केलंत तर तो कधी येईल ते तुम्हाला माहीतच आहे.

एवढं करूनही हललं नाही, तर काळी खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेटएसएच विन्सॉक रिसेट’ आणि ‘नेटएसएच इंट आयपी रिसेट’ या दोन आज्ञा द्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. त्यानेही नाही तर सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रिसेट’. यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, पण टॅली, फायली, टोकनचा ड्रायव्हर जागच्या जागी राहतात. कार्डच मेलं असेल तर वायफायची यादीच दिसत नाही किंवा सारखं तुटतं; तुमचं तसं नाही. तशी वेळ आली तरी यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावून काम भागतं.

आता त्या फोटोचं. अंबडला परत जाल तेव्हा टॅलीसाठी ते आकडे लागतील, म्हणून पुसण्याआधी काढून ठेवायला सांगितले. या वेळी ते एनसीपीएमध्ये घालू देऊ नका. कारखान्याच्या वायफायला जोडा, त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ला ‘मॅन्युअल’ करून तिथे घाला. मग तो पत्ता तिथल्या वायफायपुरताच राहील. त्याहून बरं म्हणजे त्या मुलाला सांगा, ‘दादा, माझ्या लॅपटॉपसाठी तुमच्या राउटरमध्येच पत्ता राखून ठेव.’ राउटरमध्ये त्याची सोय असते, आणि त्याला ती माहीत असेल. नसेल तर माझ्याकडे पाठवा.